रविवारचे झोंबी, मंगळवारचे पाहुणे

येत्या वर्षभरात कोणकोणते झोंबीपट येणार आहेत, हे अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! हो, मलाच! शिरड शहापूरला बसथांब्याच्या मागं 'दिपाली ब्युटी पार्लर' अशी गुलाबी पाटी दिसते ना, त्यातली दिपाली म्हणजे मी. कोरियावाले बर्फातले झोंबी आणणार आहेत, स्पेनवाले सर्कशीतले, आणि एका पिक्चरात तर झोंबी समुद्राच्या तळावरून चालत येतात. मेलेल्या माणसाला श्वास घ्यायची कटकटच नाही! कोणता दिवाळीला येणार, कोणता पुढं ढकलला, कोणता हिंदीत डब होणार, सगळं मला तोंडपाठ. माझ्याकडं फेशियलला आलेली बाई गोरी होऊन जाते की नाही ते सोडा, पण झोंबी मागं लागल्यावर काय करायचं हे शिकूनच जाते.

हा नाद मी माझ्या नणंदेलाही लावला. रागिणी शिकलेली, हुशार, आणि लग्नाची. आम्ही दोघी नणंद-भावजय कमी आणि दोस्त जास्त. शेळ्या चारायला नेल्या की बांधावर बसायचं, मोबाईल बाभळीच्या फांदीला टेकवायचा आणि मेलेली माणसं बघत भुईमुगाच्या शेंगा खायच्या. याच्यापेक्षा सुख ते काय असतं?

आणि मग ती बातमी आली! सिद्धेश्वर धरणावर मराठी झोंबीपटाचं शूटिंग होणार! माझे मोठे दीर भारतभाऊ वसमतला राहतात. सिनेमावाले त्यांच्याच गल्लीतल्या लॉजवर उतरलेले. भारतभाऊंनी तिथल्या रीता मॅडमला सांगून टाकलं, "आमच्या घरची सून मेकअपमधी लई पटाईत हाय." मॅडम म्हणाल्या, रविवारी दुपारी येते, नमुना दाखवा.

त्याच भारतभाऊंनी रागिणीसाठी एक स्थळही आणलं होतं. मुलगा सिद्धेश्वरकडचा, विश्वंभर नावाचा, घरची हळदीची शेती, हळद पॉलिश करायचं मशीन. फोटो बघून रागिणी पहिल्यांदाच "बघू" म्हणाली होती. याआधी आलेल्या प्रत्येक फोटोला ती फक्त "श्शी" म्हणायची. त्यामुळं सासूबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, "दिपाली, हे स्थळ हातचं गेलं ना, तर तुझं पार्लर अन् तू!" पुढं काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती.

रविवारी सिनेमावाले. मंगळवारी पाहुणे. मध्ये अख्खा सोमवार मोकळा. मी म्हटलं, दोन्ही कामं चुटकीसरशी करते!

नमुना दाखवायचा म्हणजे मेलेली माणसं पाहिजेत. शेजारचे कुणी तयार होईनात, म्हणून घरचेच मारायचे ठरवले. आधी सासऱ्यांना गाठलं. त्यांचं नाव मसाजी, पण मी त्यांना मामा म्हणते. ते गोठ्यात शेळीच्या पायातला काटा काढत बसले होते.

"मामा, रविवारी झोंबी करायची हाय. कराल का?"

मामांचे डोळे असे चमकले जसे बॅटरीत नवे सेल घातले! "झोंबी? करतो की! जवानीत लई झोंब्या केल्या म्या. कोनासंगं करायची?"

"शिनेमावाले येऊन राहिले, त्यांच्यासमोर."

"येऊ दे!" म्हणून मामांनी मांडीवर अशी थाप मारली की शेळी काटा घेऊनच पळाली. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय हौस आहे बघा! आमच्याकडं झोंबी म्हणजे कुस्तीसुद्धा असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त कोरिया!

सासूबाईंना पटवणं अवघड होतं. "जित्या मानसाला मेल्यावानी रंगवायचं? काहून? अपशकून करून राहिली का?"

"आत्याबाई, पडद्यावर तुमचं तोंड भिंतीएवढं दिसंल."

"भिंतीएवढं?" त्यांनी पदर सारखा केला. "अन् माझ्या जावंचं?"

"त्यांचं दिसणारच न्हाई."

"मंग कर!"

रागिणी तर न विचारताच तयार होती. राहिले आमचे हे, शिवहार. त्यांना विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

रविवारी सकाळपासून मी कामाला लागले. चेहऱ्याला तांदळाच्या पिठाचा लेप, त्यात आमचीच घरची हळद, म्हणजे रंग कसा कावीळ होऊन मेल्यासारखा दिसतो. डोळ्यांखाली काजळी. रक्त बिटाचं. आत्याबाईंना बटाट्याचे सुळे कोरून दिले. त्या सुळ्यांमुळं त्यांना बोलताच येईना. घरात इतकी शांतता मी लग्न झाल्यापासून अनुभवली नव्हती! ह्यांच्या पोटावर तर मी कळसच केला. कणकेची लांबच लांब आतडी वळली, बिटात बुडवली आणि फाटलेल्या बनियनमधून अशी बाहेर लोंबती सोडली की मला स्वतःलाच भडभडून आलं.

तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात नवऱ्याच्या आतड्यात! मी ओरडले, "आत्याबाई, घ्या ना!"

आत्याबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडून भारतभाऊंचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. ते फोनवर बोलतात तेव्हा तशी फोनची गरज नसतेच. "माय, पाव्हणे निघाले बरं का! आजच येऊन राहिले. अर्ध्या तासात पोचतेत. समदे बराबर तयार ऱ्हावा!"

आत्याबाई सुळ्यांतून म्हणाल्या, "गुर्रर्र."

"आवाज कटून राहिला, माय!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा, रविवारी दुपारी कोण येणार होतं? सिनेमावाले! मग पाहुणे म्हणजे कोण? सिनेमावाले! यात माझी काय चूक?

अर्ध्या तासानं दारात पांढरी गाडी थांबली. एक धोतर-टोपीवाले धिप्पाड गृहस्थ, नऊवारीतल्या एक बाई, आणि मागं चष्मा लावलेला बारीक तरुण. मला वाटलं, धिप्पाड ते निर्माते. पैसा असला की अंग असं भरतं. बाई म्हणजे रीता मॅडम, गावात यायचं म्हणून नऊवारी नेसल्या असतील, सिनेमावाल्यांचं काय सांगावं! आणि चष्म्यावाला दिग्दर्शक. स्थळाचा फोटो मी पाहिला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोवर इतके फिल्टर मारले होते की त्यात विश्वंभर होता का त्याचा मामेभाऊ, हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. चष्मा तर त्यात नव्हताच!

मी तशीच बाहेर धावले. कोपरापर्यंत लाल हात, ओच्यात उरलेलं आतडं. "या, या! तुमचीच वाट बघत होतो. थांबा, हात धुते. आत्ताच ह्यांचं पोट फाडून झालं."

तिघंही जागीच थिजले. धिप्पाड गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "बोकड कापला का? अवो, इतकी तकलीफ काहून घेतली? आमी माळकरी हाव."

मी खो खो हसले. निर्माते विनोदी निघाले! त्यांना ओसरीवर बाजेवर बसवलं, पाणी दिलं. तांब्याला थोडं बीट लागलं, पण तेवढं चालायचंच.

"मी संतराम. ह्या आमच्या सुमनबाई," गृहस्थ म्हणाले. म्हटलं, रीता हे सिनेमातलं नाव असणार! "बरं, पोरीबद्दल सांगा. काय काय करती?"

नमुन्यात पोरगीही आहे हे भारतभाऊंनी सांगितलेलं दिसतंय, असं मनात म्हणून मी सुरू झाले. "सगळं करती! एक पाय ओढत चालती, ते तर लई झ्याक!"

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "पाय ओढती म्हणं! भारतरावांनी हे सांगितलं न्हाई."

"अन् स्वभाव?" संतरामांनी विचारलं.

मला वाटलं, भूमिकेचा स्वभाव. "चावरी हाय. पण सांगितल्याबिगर चावत न्हाई!"

चष्म्यावाल्या दिग्दर्शकानं बाजेची कड घट्ट धरली.

"कवापासून असं?" सुमनबाईंचा आवाज चिरकला.

"दोन-तीन वर्षं झाली. आधी मला एकटीलाच होतं. मग माझ्यापासून तिला लागलं. आत्याबाई लई दिवस टिकल्या, पण आज त्यापण झाल्या. आता समदं घरच तसं हाय!" मी अभिमानानं म्हटलं. "एकदा तुमचा होकार आला ना, की ती तुमचीच. दिवसा म्हणा, रात्री म्हणा, तुमी सांगाल त्याच्या मानेला धरंल!"

तिघंही एकमेकांना चिकटून बसले. मला वाटलं, भारावले! हीच वेळ! मी टाळी वाजवली आणि ओरडले, "चला रे, या समदे बाहेर!"

आधी आले आमचे हे. लटपटत, कण्हत, पोटातून आतडी लोंबतायत! सुमनबाईंनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरच्या लिंबावरचे बगळे उडाले. त्याच क्षणी आमच्या शेळीला कणकेचा वास लागला. तिनं दावं तोडलं, ह्यांच्यावर झेप घेतली आणि आतड्याचं टोक तोंडात धरून ओढायला लागली! हे पुढं, शेळी मागं, मध्ये हातभर आतडी ताणलेली! "अगं सोडव! सोडव तिला!" हे खरंखुरं ओरडायला लागले. मी मनात म्हटलं, काय अभिनय आहे! संसारात कधी दाखवला नाही!

मग आत्याबाई आल्या. चष्मा काढलेला, त्यामुळं त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्या हात पुढं करून चाचपडत थेट सुमनबाईंच्या गळ्याशीच गेल्या. सुमनबाई बाजेवर चढल्या आणि हाताला लागला तो तांब्या फेकून मारला. तो लागला माझ्या गुलाबाच्या कुंडीला.

आणि मग आतून मांडीवर थाप ऐकू आली.

मामा! पिवळं तोंड, काळे डोळे, आणि खाली लंगोट! मी शहारले. लंगोट माझ्या योजनेत नव्हता! मामांनी अंगणातली चिमूटभर माती कपाळाला लावली, निर्मात्यांना आपादमस्तक न्याहाळलं, आणि "या पाव्हणे, झोंबी करायची ना?" असं गर्जून सरळ त्यांच्या कमरेला मिठी मारली!

"मेलो!" संतराम ओरडले.

दिग्दर्शक एव्हाना अंगणात नव्हताच. तो कडब्याच्या गंजीला लावलेल्या शिडीवरून सरसर वर चढून शेंड्यावर जाऊन बसला होता. इकडं रागिणी दारात येऊन उभी राहिली. केस मोकळे, गालाला जखम, एक पाय ओढत दोन पावलं आली, आणि गंजीवर बसलेल्या माणसाकडं बघून जागीच दगड झाली. मला वाटलं, बुजली.

"रागिणी, लाजू नको! तो बघ वर बसला. जा, चाव त्याला!"

"वैनी!"

"अगं वैनी काय? आख्खं करिअर तिथं बसलंय तुझं!"

"वैनी, हे शिनेमावाले न्हाईत! हे ते हायेत!"

"ते कोण?"

"ते! मंगळवारचे! फोटो पाठ हाय मला!"

माझ्या ओच्यातलं आतडं खाली पडलं. शेळीनं तेही खाल्लं.

मंगळवारचे! मी बाजेवरच्या सुमनबाईंकडं बघितलं, वरच्या चष्म्याकडं बघितलं, आणि मला काय काय बोलून झालं होतं ते एकेक आठवायला लागलं. पाय ओढती. चावरी हाय. माझ्यापासून तिला लागलं. देवा! मेलेल्यांचा मेकअप करता करता मीच पांढरी पडले. नंतर कळलं, मंगळवारी त्यांच्या घरी हळद शिजवायला कढई येणार होती, मजूर सांगून ठेवलेले, म्हणून ते आजच निघून आले होते. भारतभाऊंचे 'पाव्हणे' खरेखुरे पाव्हणे होते!

मी सुमनबाईंच्या पायाशी लोळण घेतली. "मावशी, समदं खोटं हाय हो! पीठ हाय हे! हळद हाय! आत्याबाई, सुळे काढा!"

आत्याबाईंनी सुळे काढले, कमरेला खोचलेला चष्मा लावला. पहिलं वाक्य म्हणाल्या, "ही कोण बाई माझ्या बाजेवर चपला घालून उभी हाय?"

"मंगळवारचे पाव्हणे, आत्याबाई!"

आत्याबाईंनी सुळे परत तोंडात घातले.

तिकडं अंगणात मामा अजून निर्मात्यांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, सोडायलाच तयार नव्हते! मी "मामा, सोडा! मामा, सोयरे हायेत!" म्हणून ओरडतेय, तोवर संतरामांनी काय केलं कुणास ठाऊक, कंबर खाली घेतली, मामांचा हात धरला, आणि धोबीपछाड! मामा उताणे! अंगणात धुरळा!

मामा आडवे पडल्या पडल्या आभाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वा पाव्हणे! कोन्या तालमीचे?"

संतरामांनी धापा टाकत मिशीवरची माती झटकली. "तालीमबिलीम न्हाई. धरणाखालच्या गाळात बैलासंगं शिकलो." आणि हात देऊन त्यांनी मामांना उठवलं. दोघं तिथंच मातीत मांडी घालून बसले. पाचव्या मिनिटाला मामा त्यांना ढाकेचा डाव कसा लावायचा ते दाखवत होते आणि संतराम "असं न्हाई, असं" म्हणत त्यांची मान वाकवत होते. मामांचा पिवळा रंग निम्मा त्यांच्या तोंडाला लागला होता.

म्हाताऱ्यांचं जमलं. पण लग्न म्हाताऱ्यांचं नव्हतं! मी हळूच गंजीकडं गेले. रागिणी शिडीच्या मधल्या पायरीवर उभी होती. मी शिडी धरली. कान वर केले. शिडी धरणाऱ्याला ऐकू येणारच, त्याला काय करणार?

"तुमी... खरंच चावता?" वरून बारीक आवाज आला.

"न्हाई हो."

"अन् पाय?"

"बराबर हाय. नाटक होतं ते."

विश्वंभर म्हणाला, "मला पिक्चरचं लई भ्याव वाटतं. भुताचंच न्हाई, कोणत्याबी. देवाधर्माच्या पिक्चरात राक्षस आला तरी मी बाहेर जाऊन शेंगदाणे घेतो."

संपलं! माझी नणंद झोंबींवर जगणारी, आणि हा राक्षसाला घाबरून शेंगदाणे खाणारा!

पण रागिणी हसली. अशी मनापासून हसली की गालावरची जखम सुटून तिच्याच हातात आली. त्यानं वरून वाकून ती घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "तांदळाचं पीठ?"

"व्हय. आंबेमोहोर." आणि मग ती म्हणाली, "दिवाळीला एक पिक्चर येऊन राहिला, सर्कशीतल्या झोंबींचा. आपण जाऊ. मी सांगत जाईन ना तुमाला, आता डोळे मिटा, आता उघडा."

"किती वेळा मिटावे लागतील?"

"सर्कशीत जास्त. पण समुद्रातला एक हाय, त्यात निम्मा वेळ पाण्यात काही दिसतच न्हाई."

"मग आधी तो बघू," विश्वंभर म्हणाला आणि एक पायरी खाली उतरला.

मी शिडी धरून रडले. खोटं कशाला बोलू? बिटाच्या हातांनी डोळे पुसले आणि स्वतःच झोंबी झाले.

सुमनबाई मात्र बाजेवरून उतरायला तयार नव्हत्या. "आधी पोरीचं तोंड धुऊन दाखवा. मंग बघू!" बरोबरच होतं म्हणा! न्हाणीत नेऊन रागिणीला घासलं. साबण झाला, बेसन झालं, खोबरेल तेल झालं. काजळी गेली, बीट गेलं, पण हळद जाईना! वसमतच्या बाजारात भाव खाणारी हळद ती, अशी कशी जाईल? शेवटी पिवळीधमक रागिणी मान खाली घालून ओसरीवर येऊन उभी राहिली.

सुमनबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. खूप वेळ बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? पोरीला हळद तर लागूनच ऱ्हायली. आता न्हाई म्हनून कसं चालंल?"

ओसरीवर असा हशा पिकला की आत्याबाईंचे सुळे उडून चहाच्या पातेल्यात पडले!

आणि या सगळ्या गोंधळात फाटकापाशी जीन्स घातलेली एक मुलगी केव्हापासून उभी होती. खऱ्या रीता मॅडम! मी धावत गेले. आमच्या सगळ्यांकडं त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. म्हणाल्या, "मेकअपला मेहनत घेतलीय. पण ताई, तुमच्या सगळ्या झोंबींच्या भुवया इतक्या कोरीव कशा?"

मी बघितलं. खरंच की! सवयीनं मी सगळ्यांच्या भुवया करून टाकल्या होत्या. सासऱ्यांच्यासुद्धा!

"आणि मघाशी ती किंकाळी कुणाची होती? मला हमरस्त्यावर ऐकू आली."

सुमनबाईंनी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. तिथंच त्यांना किंकाळीचं काम मिळालं. धुळीनं माखलेल्या दोन म्हाताऱ्यांना झोंबींचं काम मिळालं, कुस्तीसकट. ह्यांना आणि शेळीला जोडीनं घेतलं. आणि मला? "तुम्ही झोंबींच्या गर्दीत या," म्हणाल्या मॅडम. "मेकअपला आमचा पुण्याचा माणूस आहे."

शूटिंगच्या दिवशी मी पहाटेच उठले. नवी साडी, लिपस्टिक, केसांना क्लिपा. म्हटलं, पुण्याच्या माणसानं बघावं तरी पार्लरवाली कशी असते! सिद्धेश्वरला तंबूत रांग लागली. तो एकेकाला खुर्चीत बसवून तासतासभर रंगवत होता. कुणाचे डोळे खोल, कुणाची कातडी सोललेली! माझा नंबर आला. मी खुर्चीत बसले, हनुवटी वर केली. त्यानं माझ्याकडं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, ब्रश खाली ठेवला आणि बाहेर आवाज दिला,

"ह्या मॅडमना काही लागणार नाही. ह्यांना अशाच पाठव!"